ऐकणाऱ्याचा पाट

निरगुडसरचं वाचनालय सकाळी पुरुषांचं असे आणि दुपारी बायकांचं. तसा नियम कुणी केलेला नव्हता, आपोआप पडून गेला होता. सकाळी डेअरीला दूध घालून आलेली मंडळी पेपरची पानं सुटी करून आपसांत वाटून घेत. बाजारभाव एकाकडे, कुस्त्या दुसऱ्याकडे. "निम्मा बिबट्या तुझ्याकडं अन् निम्मा माझ्याकडं, बातमी कळायची कशी राव?" असं बाळासाहेब ओरडले की हशा होई. परीक्षेची पोरं आतल्या खोलीतून "हळू बोला की" म्हणत, आणि तेवढ्यापुरतं सगळे हळू बोलत.

ऊन चढलं की ही गर्दी पांगे आणि बाया येत. कुणी निवडायचे तांदूळ घेऊन, कुणी सोलायचा लसूण. शेजारच्या शिलाईच्या दुकानातली अमिरुन्निसा ब्लाउजांना हूक लावायचं काम मांडीवर घेऊन बसे. ग्रंथपाल अमृता पंखा लावी, सतरंजी पसरी आणि वाचन सुरू होई. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. घरी पुस्तक नेलं तर उघडायला सवड कुणाला? शिवाय द्रौपदाबाईसारख्या म्हातारीला ऑपरेशन होऊनही अक्षरं धड दिसत नव्हती. "मुंग्यांवानी पळत्यात," असं ती म्हणायची. उन्हं कलायच्या आत सगळ्या उठत, कारण घराच्या वाटा उसातून होत्या आणि उसात बिबटे होते.

वाचायची अमृताची मुलगी प्राची. मंचरला कॉलेजात होती. आवाज असा, की माईक बंद पडला तरी मांडवाच्या शेवटच्या माणसापर्यंत जावा. चैत्रातल्या सप्ताहात तिला पहिल्यांदाच दुपारची कीर्तनसेवा मिळाली होती. अमृताच्या वडिलांचा सगळा जन्म दुसऱ्यांच्या कीर्तनात मागे टाळ धरून उभं राहण्यात गेला. आपल्या रक्तातलं कुणीतरी एकदा पुढे उभं राहावं, एवढंच म्हातारा जाताना बोलला होता. म्हणून अमृतानंच लेकीला वाचायला बसवलं. चार जणींपुढे बोलायची सवय होईल, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा ते कळेल.

पहिल्याच दिवशी द्रौपदाबाई लाकडी पाट काखेत मारून आली. प्राचीच्या अगदी समोर तो मांडला आणि स्वतः मात्र बाजूला फरशीवर बसली.

"आजी, आणलाय तर बसा की त्याच्यावर," अमिरुन्निसा म्हणाली.

"माझ्यासाठी न्हाई बाई. जो ऐकायला येईल त्याच्यासाठी."

द्रौपदाबाईच्या घरी पोथी लागे तेव्हा असाच पाट रिकामा ठेवत. जिथे रामकथा चालते तिथे मारुतीराया येऊन बसतो, ही भाविकांची जुनी श्रद्धा. कितीतरी मांडवांत त्याची जागा राखतात, तिला नमस्कार करतात, आणि त्या रिकाम्या जागेनंच मांडव भरल्यासारखा वाटतो.

"अहो आजी, पण ही कादंबरी आहे," प्राची हसली. "ह्यात नवरा-बायकोची भांडणं आहेत. मारुतीराया लाजून उठून जाईल."

"वाचन म्हटलं का पाट आला. आमाला तेवढंच म्हाईत."

म्हातारीचं मन कोण मोडणार? पाट राहिला.

कादंबरी चांगली जाडजूड होती. बाजाराला जाते म्हणून घरातून निघालेली एक बाई भलत्याच बसमध्ये बसते, अशी सुरुवात. बायांना ती भारी आवडली. "सासूला कळलं असंल गं," "तिकीट कुठवरचं काढलं ते वाच आधी," असे निकाल मधूनमधून लागत. आणि गोष्ट ऐकताना 'हं' म्हणायची आपली रीत, ती तर होतीच. वाक्य संपलं की चारी बाजूंनी हुंकार यायचा आणि प्राची पुढचं वाक्य उचलायची.

एका दुपारी अमृता टेबलाशी फाटक्या पुस्तकांना चिकटपट्टी लावत बसली होती. बायांचा हुंकार आला, विरला. आणि त्याच्यामागून, सावकाश, आणखी एक 'हं' आला. जाड, खालच्या पट्टीतला. अमृतानं मान वर केली. सगळ्या जणी खाली बघून लसूण सोलत होत्या.

बाहेरून कुणी गेलं असेल, असं ती स्वतःला म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं पाट भिंतीला लावायला उचलला, तर मधला भाग कोमट लागला. माणूस उठून गेल्यावर असतो तसा. खिडकीचं ऊन तिथवर पोचत नव्हतं. उन्हाळ्याचं लाकूड तापायचंच, म्हणून तिनं तेही सोडून दिलं. सतरंजीवर बाया दाटीवाटीनं बसतात, एकमेकींच्या गुडघ्याला गुडघे लागतात, तरी पाटाच्या दोन्ही अंगांना हातभर जागा मोकळी राहते, हे मात्र तिला त्यानंतर रोज दिसायला लागलं. कुणी ठरवून सोडत नव्हतं.

मग हुकांच्या पिशवीचं झालं. अमिरुन्निसानं बोलता बोलता ती पाटावर टेकवली आणि चटका बसावा तशी उचलली.

"काय झालं गं?"

"काई न्हाई, वहिनी." सगळ्या गेल्यावर ती अमृताजवळ आली. "पिशवी पाटापर्यंत गेलीच न्हाई. आधीच टेकली कशावर तरी."

"कशावर?"

"मऊ व्हतं. मांडीवानी."

दुसऱ्या दिवसापासून अमिरुन्निसा आली नाही. लग्नसराई आहे, काम उरकत नाही, असं म्हणाली. खरंच असेल. पण वाचनालयाकडची तिच्या दुकानाची खिडकी भर उन्हाळ्यात बंद राहायला लागली.

इकडे प्राचीचा आवाज जायला लागला. सुरुवातीला सकाळी घोगरा येई, मग दिवसभर. आल्याचा रस, ज्येष्ठमध, गरम पाण्याच्या गुळण्या, सगळं झालं. मंचरच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाले, घसा काचेसारखा स्वच्छ आहे. घरी ती हातानं खुणा करून पाणी मागायची. तालमीला उभी राहिली की चिपळ्या वाजत, पेटीवाला सूर धरी, प्राची तोंड उघडी आणि नुसती हवा बाहेर येई. पेटीवाला दुसरीकडे बघे.

आणि दुपारी वाचनालयात पुस्तक उघडलं, की तोच आवाज खणखणीत. एकही शब्द चिरकत नसे. पण आता ती बायांकडे बघून वाचत नव्हती. पाटाकडे बघून वाचत होती. पाटावरून हुंकार आला की मगच पान उलटत होती.

सप्ताह तोंडावर आला तसं अमृतानं ठरवलं, आता वाचन बंद. बायांना निरोप दिले, दुपारी स्वतः कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचून घरी आली. प्राची ओट्यावर बसली होती, भिंतीकडे तोंड करून. तिचे ओठ हलत होते. भरभर, न थांबता. आवाज काहीच नव्हता. अमृतानं खांदा हलवला, हाका मारल्या. बायांची उठायची वेळ झाली तेव्हाच ते ओठ थांबले आणि पोर झोपेतून उठल्यासारखी आईकडे बघायला लागली.

दिवेलागणीला बाळासाहेब दारात गाडी थांबवून म्हणाले, "वहिनी, पोरीनं आज काय रंग भरला राव! मळ्यातनं येताना खिडकीखाली गाडी बंद करून ऐकत बसलो. ती बाई बसमधनं उतरती, तिथवर. डोळ्यांत पानी आलं बघा."

"आज वाचन नव्हतं, भाऊ."

"चेष्टा करता का गरिबाची? आतनं वाचत व्हती की. खिडकीला पडदा, अन् दाराला..." बाळासाहेबांचा हात गाडीच्या मुठीवर तसाच राहिला. "दाराला कुलूप व्हतं."

गाडी सुरू करायला त्यांना दोनदा किक मारावी लागली.

अमृता तशीच द्रौपदाबाईकडे गेली. म्हातारी देवापुढे बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि वात सारखी केली.

"पोथीला पाट मांडतो तवा कोन येनार ते आपल्याला ठावं असतं," ती म्हणाली. "त्याचं नाव घेऊन बोलावतो. हितं म्या कुनाचंच नाव घेतलं न्हाई. जो ऐकायला येईल त्याच्यासाठी, म्हटलं."

"कोण आलंय, आजी?"

"मला काय म्हाईत, लेकी. पन लई दिसांचं भुकेलं हाय."

"पाट जाळून टाकते."

"आन् पोरीचा आवाज?" द्रौपदाबाईनं तिचा हात धरला. "अर्ध्यावर उठवायचं न्हाई कुनाला. पुस्तक पुरं कर. शेवट झाला का आपन निरोप देतो ना, तसा देऊ. माझा इठ्ठल हाय संगं."

सप्ताहात प्राचीच्या सेवेला एकच दिवस उरला होता. दुपारी तिघी वाचनालयात आल्या. अमृतानं आतून कडी घातली. द्रौपदाबाईनं पाट मांडला, त्याला हात लागू न देता बुक्का वाहिला आणि तोंडानं रामकृष्णहरी सुरू केलं.

प्राचीनं पुस्तक उघडलं. शेवटचं प्रकरण होतं. बाई कुठल्याशा अनोळखी गावात एका दारापुढे उभी होती.

पंखा मंदावत गेला आणि थांबला. लाइट गेली असेल. खोलीत जुन्या कागदाचा वास असतो, त्यात ओल्या मातीचा वास मिसळला. बाहेर चैत्राचं ऊन फुफाट्यासारखं तापलेलं.

"हं," पाटावरून आलं.

प्राचीनं पान उलटलं.

"हं."

आता तो हुंकार जाड राहिला नव्हता. बारीक होत चालला होता. तरुण.

बाईनं दार ठोठावलं. दार उघडलं. शेवटची ओळ प्राचीनं वाचली आणि पुस्तक मिटलं.

द्रौपदाबाई हात जोडून उठली. "संपलं बाबा. ज्यानं ऐकलं त्यानं आता सुखानं जावं. तुझं तुला भरून पावलं, आमचं आमाला राहू दे."

कुणी हललं नाही.

पाटावरचा बुक्का मधोमध चेपलेला होता.

मग तिथून आवाज आला. स्वच्छ, खणखणीत, मांडवाच्या टोकाला जाणारा. प्राचीचा.

"मग?"

प्राचीचे ओठ मिटलेले होते. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती गळ्यावर हात ठेवून आईकडे बघत होती.

"मग?" पाटानं पुन्हा विचारलं.

अमृता उठली. हाताला लागलं ते पुस्तक तिनं कपाटातून ओढलं. कुठलं, ते बघितलंही नाही. लेकीच्या पुढ्यात बसली, तिला पाठीमागे सारलं आणि पहिलं पान उघडून वाचायला लागली.

दोन ओळी झाल्या असतील. मागून खोकला आला. आणि "आई."

घोगरा होता, ओला होता. पण प्राचीच्या तोंडातून आला होता. अमृता वाचता वाचता थांबली.

"आई, मला..." प्राची म्हणाली, आणि शब्द कापल्यासारखा तुटला.

अमृतानं पुढची ओळ धरली. मागे आवाज परत आला.

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव देवळापुढच्या मांडवात होतं. वाचनालयाच्या खोलीत दोघीच. अमृता पाटासमोर, मांडीवर पुस्तक. द्रौपदाबाई भिंतीला टेकून. एवढी कीर्तनाची वेडी म्हातारी, पण मांडवात गेली नाही. "तुला एकटीला कशी टाकू?" म्हणाली. देवळावरचा कर्णा बरोबर खिडकीच्या दिशेनं होता.

आधी टाळ आले, मग पखवाज. मग प्राचीनं अभंगाचं पहिलं चरण उचललं आणि आवाज ऊस ओलांडून, कालवा ओलांडून गेला. शेकडो तोंडांनी तो झेलला. अमृता वाचत होती. सावकाश, न अडखळता, प्रत्येक हुंकारासरशी पुढची ओळ उचलत. अक्षरांवर पाणी पडत होतं, ते ती पदरानं टिपत होती.

निरूपण झालं. आख्यान रंगलं. हसू आलं, टाळ्या आल्या. शेवटी प्राचीनं वरच्या सुरात नामघोष घेतला, आणि तो सूर तिथेच, उंच, थरथरत उभा राहिला. अमृताच्या बापानं जन्मभर मागे उभं राहून ज्याची वाट बघितली होती, तो हा सूर. तिला राहवलं नाही. क्षणभर तिचं वाचन थांबलं. पदराचा बोळा तिनं दोन्ही हातांनी तोंडावर घट्ट दाबून धरला आणि डोळे मिटून ऐकत राहिली. कर्ण्यातला सूर तुटला नाही.

"मग?"

द्रौपदाबाईनं अधू डोळ्यांनी अमृताच्या दिशेला मान वळवली.

"अगं, वाचनारी तू," ती मायेनं म्हणाली. "आन् 'मग' म्हनून मलाच काय इचारतीस, अमृता?"