सेमारांगचा, बांडुंगचा, मालांगचा

केळीच्या पानासकट त्यानं लेम्परचा घास घेतला, तेव्हाच मादेलोनच्या मनात पाल चुकचुकली.

खरं तर तो पावसामुळे तंबूत शिरला होता. हेगमधल्या मालीफेल्ड मैदानावर दर जूनला भरणारा पासार मालम, इंडोनेशियाहून आलेल्या लोकांचा मेळा, नुकता सुरू झाला होता. बाहेर तिरपा पाऊस, आत काडीवर भाजलेल्या साटेचा धूर आणि लवंगांचा वास. गर्दीनं ढकलत ढकलत त्याला तांते पोपीच्या खाऊच्या स्टॉलसमोर आणून सोडलं. ओले केस कपाळावर चिकटलेले, गव्हाळ रंग, काळेभोर डोळे... असे चेहरे इथे पावलोपावली दिसत. कुणाची आजी जावाची आणि आजोबा डच, तर कुणाचे पणजोबा. म्हणून तर मादेलोननं काही न सांगता, चिकट भाताचा तो लेम्पर त्याच्या हातावर ठेवला होता.

"पान सोलायचं असतं," ती म्हणाली.

त्याचं चावणं थांबलं. "तरीच. मला वाटलं, चव जरा... रानातली आहे."

"कधी खाल्ला नाहीस वाटतं?"

"खाल्लाय ना. फार वर्षं झाली."

साफ खोटं, मादेलोन मनात म्हणाली. पण हसला तेव्हा त्याच्या डाव्या गालावर खळी पडली, आणि ती आपल्याला दिसली याचाच तिला राग आला.

मागे वाफेच्या भांड्याशी उभ्या तांते पोपीनं मान वळवली. तांते म्हणजे मावशी; ही मादेलोनच्या आईची मोठी बहीण. वय पंच्याहत्तर, आवाज सगळ्या तंबूला पुरेल इतका. "नाव काय रे तुझं? कुठले तुमचे लोक?"

या मेळ्यात प्रत्येकाला हा प्रश्न आधी विचारतात. युद्धानंतर जावाहून जहाजं भरभरून इकडे आलेली माणसं ती. मागे राहिलेलं गाव हीच त्यांची ओळख.

"मी योरिट," तो म्हणाला, आणि किंचित थांबून, "सेमारांगचे."

"अगंबाई, माझ्याच गावचा." तांतेनं त्याला हाताला धरून आत स्टुलावर बसवलं आणि पुढ्यात लुम्पिया, तळलेला रोल, ठेवला. मग गाव सुरू झालं. बोजोंगचा मोठा रस्ता, चिंचेची झाडं, बंदरावरून येणारा खारा वारा. योरिट ऐकत होता. डोळ्यांची पापणी न हलवता, एक शब्दही सांडू नये असं.

इतकं कान देऊन कोण ऐकतं म्हाताऱ्यांचं? ज्याला काहीतरी काढून घ्यायचंय तोच.

हा संशय उगाच नव्हता. गेल्याच हिवाळ्यात तांते पोपीच्या मैत्रिणीकडे, तांते झुसकडे, असाच एक गोड बोलणारा माणूस यायचा. तिच्या हातचं जेवायचा, जुने फोटो बघायचा. एक दिवस तो गेला आणि तिच्या आईच्या सोन्याच्या बांगड्याही गेल्या.

योरिट दुसऱ्या दिवशी आला, आणि तिसऱ्याही. टेबलं पुसू लागला, गॅसची टाकी उचलू लागला. संधी मिळेल तेव्हा मादेलोनच्या आसपास घोटाळू लागला.

"तू माझ्यावर पाळत ठेवतेस," एकदा तो म्हणाला.

"पैशाच्या डब्यावर ठेवते. तू मध्ये येतोस."

"मग जरा बाजूला होऊ?"

"नको... तिथेच बरा आहेस. दिसतोस तरी."

तो हसला. तिनं मान खाली घालून मिरच्या कापल्या, आणि कापता कापता त्याच हातानं डोळा चोळला. पुढची पाच मिनिटं डोळ्यांतून नुसत्या धारा. योरिटनं ओल्या रुमालानं तिचा डोळा पुसला, हळूच, ओठ घट्ट मिटून, जणू फार नाजूक काहीतरी दुरुस्त करतोय.

"रडवलं कुणी हिला?" तांते ओरडली.

"मिरचीनं," दोघं एकदम म्हणाले.

इतक्या जवळून त्याचा चेहरा पाहिल्यावर तिला राहवेना. "मला खरं सांग. कुठला तू?"

त्यानं रुमाल पिळला, घडी घातली. "तुला... नंतर सांगेन."

तांतेला पटकन सांगितलंस आणि मला नंतर? पाल पुन्हा चुकचुकली. या वेळी जरा मोठ्यानं.

दुसऱ्याच दिवशी ती चहा घेऊन बाकांच्या रांगेतून चालली होती. पलीकडे लोडीकाका, सगळ्यांचे ओम लोडी, बसले होते, क्रोंचोंग या तिकडच्या गाण्यांचे जुने वादक, मांडीवर गिटार. समोर योरिट.

"बांडुंगचे ना तुम्ही?" ओम लोडी म्हणत होते. "मग ब्रागा रस्ता तुझ्या वडिलांनी पाहिलाच असणार."

"पाहिला असेल," योरिट म्हणाला. "तुम्ही सांगा ना, कसा होता?"

मादेलोनच्या हातातला चहा बशीत सांडला. ती तडक तांते झुसकडे गेली.

"योरिट? किती गुणी मुलगा," तांते झुस म्हणाली. "आमच्या मालांगचाच. रविवारी घरी बोलावलंय त्याला जेवायला."

झालं. आता गप्प बसणं म्हणजे म्हातारीला स्वतःच्या हातानं लुटू देणं. मात्र मादेलोनला त्याहून जास्त चीड कशाची आली होती, ते तिचं तिलाच ठाऊक होतं. सकाळी निघताना आरशासमोर आपण लिपस्टिक लावली, ती कुणासाठी?

दुपारी सगळे लांब टेबलाशी जेवायला बसले. योरिट तांते झुसच्या ताटात सांबालची तिखट चटणी वाढत होता. मादेलोन उभी राहिली.

"तांते पोपी, हा कुठला?"

"सेमारांगचा. का गं?"

"ओम लोडी?"

"बांडुंग," ओम लोडी म्हणाले, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"तांते झुस?"

तांते झुसनं चमचा खाली ठेवला. तिचा हात मोकळ्या मनगटाकडे गेला.

टेबलावरचे चमचे थांबले. योरिटनं सांबालची वाटी खाली ठेवली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"बरोबर आहे तिचं," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. तिघांशीही."

आणि तो निघून गेला. छत्री नाही, जॅकेट नाही.

मादेलोन खाली बसली. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं... ती त्याच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली.

"झालं समाधान?" तांते पोपी म्हणाली.

"तुला फसवत होता तो, तांते."

"मला? अगं, आमच्या गावच्या लुम्पियात बांबूचे कोंब हवेतच. ते बघून ज्याचं तोंड वेडंवाकडं झालं, तो सेमारांगचा? पहिल्या दिवशीच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

तांतेनं पदार्थ झाकायचं फडक्याची घडी केली, ती पुन्हा उलगडली. "इतक्या वर्षांत मला कुणी सेमारांगबद्दल विचारलं नव्हतं, पोरी. तू तरी कधी विचारलंस?"

मादेलोननं पुढ्यातलं ताट सरकवलं. ती उठली आणि पावसात चालू लागली.

मैदानाच्या कडेला हरणांचं कुंपण आहे. तो तिथे झाडाखाली उभा होता, शर्ट अंगाला चिकटलेला. तिला पाहून तो वळला नाही.

"पोलिस आणलेस?"

"अजून नाही. आधी ऐकणार आहे."

हरणांकडे बघतच तो बोलू लागला. वडील लहानपणी युद्धात सगळं गमावून बसलेले. अनाथ मुलांबरोबर जहाजानं इकडे आले, थेट उत्तरेला, एमनच्या अनाथाश्रमात. आडनावसुद्धा तिथलंच. कुठल्या गावचे, कुणाचे, त्यांनी कधी सांगितलं नाही. "तिकडे ऊन असायचं," एवढंच. मागच्या वर्षी ते गेले.

"पहिल्या दिवशी इथे एका आजोबांना मी खरं सांगितलं होतं, की मला माहीत नाही. ते 'अरेरे' म्हणाले आणि विषय बदलला. मग तांते पोपींनी विचारलं, आणि तोंडातून सेमारांग निघून गेलं. त्या कशा खुलल्या, पाहिलंस ना? नुसतं गावाचं नाव घ्यायचं, की माणूस दार उघडतो. मला वाटलं, एकेका गावात डोकावून बघू. कुठेतरी बाबा सापडतील... एखादी गोष्ट ओळखीची वाटेल."

"वाटली?"

"नाही. पण ऐकायला आवडलं. फार."

ती त्याच्याकडे बघत राहिली. पाणी त्याच्या भुवयांवरून गालावर ओघळत होतं. गोष्ट चांगली होती. फसवणाऱ्यांच्या गोष्टी चांगल्याच असतात.

"आणि हे तरी खरं कशावरून?"

"कशावरूनच नाही," तो म्हणाला. "पुरावा असता तर इथे आलोच नसतो." मग पहिल्यांदा त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तुला मी गाव सांगितलं नाही, मादेलोन. त्या लेम्परनंतर तुझ्याशी खोटं बोलवेना. आणि खरं काही नव्हतंच माझ्याकडे."

ती जवळ सरकली. तिचा हात पुढे झाला आणि त्यानं तो धरला. दोघांचेही हात बर्फासारखे गार होते.

"चल," ती म्हणाली. "हेच टेबलावर येऊन सांग."

"ते मला हाकलतील."

"हाकलू देत. मी शेजारी आहे."

त्यानं सांगितलं. अडखळत, उभ्यानंच, सगळ्यांसमोर. तांते झुसनं मनगटावरचा हात काढला नाही. ओम लोडी ताटाकडे बघत होते.

"माझ्या बांडुंगची थट्टा केलीस तू," ते शेवटी म्हणाले.

"हो. माफ करा."

"तुझे बाबा बोलत नव्हते." ओम लोडींनी गिटार उगाचच जरा सरळ केली. "मीही माझ्या मुलांना काही सांगितलेलं नाही. तुलाच काय ते ब्रागा रस्त्याचं सांगितलं... बस. भात गार होतोय."

तांते झुसनं मात्र एवढंच म्हटलं, "रविवारी घरी नको येऊस. उद्या इथेच भेटू." आणि ते कुणाला चुकीचं वाटलं नाही.

तो बसला. त्याच्या शेजारची जागा अरुंद होती, तरी मादेलोन तिथेच बसली, खांद्याला खांदा लावून.

"तांते," ती म्हणाली, "ती बोजोंगची चिंचेची झाडं... मला सांग ना. अगदी पहिल्यापासून."

तांते पोपीनं तिच्याकडे पाहिलं, मग दुसरीकडेच पाहिलं, नाक शिंकरलं आणि सुरुवात केली. तंबूवरचा पाऊस विरळ होत गेला. दुपार कधी कलली कळलं नाही.

लोक पांगल्यावर योरिट ताटं गोळा करू लागला. मादेलोन गल्ल्याशी उभी होती. तिनं पैशाच्या डब्याला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. एवढी खबरदारी तिनं ठेवलीच.

"उद्या संपतो ना मेळा?" त्यानं विचारलं.

"हो."

"मग परवा... तू काय करतेस?"

"काही नाही. एमनला गाडी कधी असते?"

त्याच्या हातातली ताटं एकमेकांवर वाजली. "तिथे बघण्यासारखं काही नाही गं. सपाट शेतं आणि वारा."

"तू तिथे लहानाचा मोठा झालास ना? शाळा, घर, बाबांची कबर... सगळं बघायचंय मला." ती क्षणभर थांबली आणि तिला हसू फुटलं. "खरंच आहे की नाही ते."

"आणि खरं निघालं तर?"

ती त्याच्या अगदी जवळ आली, ताटांची चळत मध्ये ठेवूनच, आणि त्याच्या खळीवर ओठ टेकवले.

"तर परतीला मला उशिराची गाडी पकडावी लागेल," ती म्हणाली.