संताच्या हातात काय द्यायचं?

“हातात काय आहे त्यांच्या? चिलीम?”

मी संत लुसीच्या पापण्या रंगवत होते. पापण्या रंगवताना मी श्वाससुद्धा रोखून धरते, आणि नेमकं तेव्हाच दारातून कुणीतरी ओरडावं... ब्रश घसरला आणि लुसीबाईंना पार गालापर्यंत काजळ लागलं.

“अफू ओढायची नळी आहे ती,” मी वळून, मागच्या चिनी वैद्याच्या मूर्तीकडे बघत म्हणाले. “आणि तुम्ही कोण?”

“ज्यांनी मूर्ती मागवली त्यांच्याकडून आलोय.”

उंबऱ्याबाहेर एक उंच, सडपातळ माणूस उभा होता. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशातून डोकावणारं चष्मे पुसायचं पिवळं फडकं. हसावं की कपाळाला हात लावावा हे त्याचं अजून ठरत नव्हतं.

“चर्चच्या मागच्या खोलीत व्यसन सोडणाऱ्यांचा गट बसतो,” तो म्हणाला. “समोरच्या भिंतीशी ही मूर्ती ठेवायची आहे. आणि तुम्ही त्यांच्यासमोर नळी घेतलेला संत उभा करणार?”

आता खरं सांगते, तोपर्यंत मला यात काही चुकलंय असं वाटलंच नव्हतं. संतांच्या मूर्ती घडवणाऱ्यांची रीतच आहे ती. ज्याने ज्याचा छळ झाला, ते त्याच्या हातात द्यायचं. लॉरेन्सला भाजलं, त्याच्या हातात जाळी. कॅथरिनच्या शेजारी चाक. लुसीच्या ताटलीत डोळे. बार्थोलोम्यू तर स्वतःचं कातडं हातावर टाकून उभा असतो आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. आणि ज्याच्या कारखान्यात मी काम करते त्या माझ्या मामाने, फादरांचा फोन आला तेव्हा लिहून घेतलेल्या चिठ्ठीत एवढंच होतं — ‘संत मार्क जी तियानशियांग, चिनी वैद्य, अफूचं व्यसन, हुतात्मा.’ मामा तर ‘जी’ आदराने लावलाय असंच धरून चालला होता. ते आडनाव आहे.

या संताचा साचा आमच्याकडे कुठला असायला? म्हणून संत जोसेफच्या साच्यातून ओतला, दाढी तासली, डोळे नव्याने कोरले, आणि हातातला सुताराचा गुण्या काढून तिथे नळी बसवली. तीन दिवसांचं काम. आणि हे साहेब दारात उभे राहून म्हणतात, चिलीम!

“मग काय देऊ हातात?” मी विचारलं.

त्याने डोकं खाजवलं.

“ते... उद्या सांगतो.”

उद्या म्हणाला तो रोजच यायला लागला. मुख्य रस्त्यावर त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, दुपारी तासभर बंद. तो तास त्याने माझं डोकं खाण्यात घालवायचं ठरवलं असावं.

“वैद्याची पेटी?” मी विचारायचे.

“कारकून वाटेल.”

“हुतात्म्यांची ताडाची फांदी?”

“ती तर सगळ्यांकडेच असते.”

“जपमाळ?”

“बघू...”

बघू! हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्यात हा माणूस कधी आत यायचा नाही. उंबऱ्याबाहेर, चौकटीला खांदा टेकवून उभा. मी रोज म्हणायचे, “अहो, आत या, जवळून बघा,” आणि रोज तेच उत्तर... “इथूनच बरं.” मामाने त्याचं नाव उंबरठेकर ठेवलं होतं. मला वाटायचं, कपड्यांना प्लास्टरची पूड लागेल म्हणून जपतोय. स्वच्छ नखांचा, चार चांगली कामं करणारा समाजसेवक — असा माझा समज.

“लांबून तुम्हाला काय डोंबल दिसणार?” एकदा मी फणकारले.

“मला लांबचं उत्तम दिसतं. तुम्हाला जवळचं दिसत नाही.”

“काय?”

“पापण्या रंगवताना मूर्ती हातभर लांब धरता. पाऊण नंबर असेल. कदाचित एक.”

“माझे डोळे अगदी छान आहेत!”

“छान आहेतच,” तो म्हणाला. “मी नंबराचं बोलत होतो.”

मी पुन्हा ब्रश उचलला. गाल मात्र तापले, आणि त्याचाही मला रागच आला.

त्या संताची गोष्ट त्यानेच मला सांगितली, तुकड्यातुकड्याने, दारातून. हा वैद्य गरिबांना फुकट तपासायचा. स्वतःचं पोट दुखायला लागलं म्हणून औषध म्हणून अफू घेतली, आणि ती सुटेचना. दर वेळी जाऊन तेच पाप कबूल करायचा. शेवटी धर्मगुरू म्हणाले, सोडशील तेव्हाच ये, तोवर क्षमा नाही, कम्युनियनचा प्रसादही नाही.

“आणि मग सोडली?”

“नाही. मरेपर्यंत सुटली नाही.”

“म्हणजे?” मी ब्रश खाली ठेवला. “मग हा संत कसला?”

“तीस वर्षं कम्युनियन मिळालं नाही, तरी चर्चमध्ये येत राहिला. शेवटी श्रद्धेपायी घरच्यांसकट मारायला नेलं, तेव्हा म्हणाला, मला सगळ्यात शेवटी मारा. माझ्या माणसांपैकी कुणी एकटं मरायला नको.”

मी मूर्तीकडे पाहिलं. जोसेफच्या साच्यातला तो चेहरा मला पहिल्यांदाच कुणा दुसऱ्याचा वाटला. तरीही म्हणाले, “येत राहून काय होतं? आमच्या घरी संत मोनिकाची मूर्ती आहे. दारुड्यांच्या घरच्यांची ती कैवारी. आईने तिच्यापुढे इतक्या मेणबत्त्या जाळल्या की तिचं नाक काळं पडलंय. बाबांनी दर वेळी तिच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली, आणि दर वेळी मोडली. शेवटच्या शपथेनंतर आठवड्याने गेले.”

त्याने चौकटीला टेकलेला खांदा सरळ केला.

“मोनिका स्वतः लहानपणी कोठारातून चोरून वाइन प्यायची,” मग हळूच म्हणाला. “माहीत आहे?”

माहीत नव्हतं. आईलाही नसणार, नाहीतर तिने आधी मोनिकालाच फैलावर घेतलं असतं. मला हसू फुटलं. तोही हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर एक लांबट घडी पडते, हे तेव्हा दिसलं. लांबचं मलाही चांगलं दिसतं.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी पाऊस आला. बारीक, तिरका, चिकट पाऊस. आणि हा ठोंब्या उंबऱ्याबाहेर तसाच उभा! केसांतून पाणी निथळतंय, इस्त्रीची वाट लागलीय, आणि वर मला विचारतोय, “डाव्या हातात पुस्तक दिलं तर?”

“आधी आत या!”

“नको, ठीक आहे.”

“काय ठीक आहे? निमोनिया झाला तर मला पाप लागेल. काय चावतं तुम्हाला आत?”

त्याने बोटाने दाखवलं. माझ्या टेबलावर, खिडकीखाली, मोठी काचेची बरणी होती. स्पिरिटमध्ये चपडा लाख भिजत घातलेली. रंगाआधी प्लास्टरची छिद्रं बंद करायला आम्ही तेच लावतो. वर्षानुवर्षं त्या वासात बसून मला तो येतही नाही.

“त्यात स्पिरिट आहे,” तो म्हणाला. “इथे उभा राहिलो की रस्त्याचा वारा लागतो. आत आलो तर... नाही सांगता येत. मी गट चालवत नाही. मी गटात बसतो. आठ महिने, बारा दिवस.”

पाऊस पडत होता. मला काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. एखादी भली बाई पटकन बरणीला झाकण लावून आली असती. मला फक्त बाबांचा हात दिसला, मोनिकाच्या पायावर ठेवलेला.

“तुम्हाला उशीर होत असेल,” मी म्हणाले. “मूर्तीचं काय ते यापुढे मामाशी बोला.”

त्याने मान हलवली आणि गेला. खिशातलं पिवळं फडकं भिजून शर्टाला चिकटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. मीच तसं सुचवलं होतं, म्हणजे मला बरं वाटायला हवं होतं. चौथ्या दिवसापर्यंत मी मार्क वैद्यांचे तीन हात करून मोडले होते.

“आला नाही का तो उंबरठेकर?” मामाने प्लास्टर कालवता कालवता विचारलं.

“मला काय माहीत? मी काय त्याची हजेरी घेते?”

“दर दोन मिनिटांनी दाराकडे बघतेस म्हणून विचारलं.”

“मामा, तो पिणारा आहे.”

“होता.” मामाने हात पुसले. “तुझ्या बापाला मी तुझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखत होतो. तो शपथा घ्यायचा आणि खोटं बोलायचा. या माणसाने तुला काय खोटं सांगितलं?”

मी आठवून पाहिलं. समाजसेवक तर मीच ठरवलं होतं. तो फक्त बाहेर उभा राहिला होता आणि विचारल्यावर कारण सांगितलं होतं. एवढं साधं होतं ते, आणि तेच मला झेपलं नव्हतं. मला त्याची आठवण येत होती. अगदी त्याच्या ‘बघू’चीसुद्धा.

तो आला आठव्या दिवशी. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. तिथेच, उंबऱ्याबाहेर.

“आज तिसरा दिवस,” तो म्हणाला.

मला कळायला एक क्षण लागला. आठ महिन्यांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली होती.

“माझ्यामुळे?”

“नाही. ते तुमच्या माथी मारायला नाही आलो. दुकान बंद करून घरी निघालो होतो आणि वाटेत चुकीच्या दारात शिरलो. माझं मीच केलं. गटात सांगितलं. म्हटलं, तुम्हालाही कळायला हवं.”

“वेडा आहेस का तू?” मी ओरडले. ब्रश टेबलावर आपटला. “आठ महिने! आठ महिने पाण्यात घातलेस, आणि इथे येऊन मला सांगतोस? लपवता नाही आलं? बाबांनी तर सात सात दिवस पत्ता लागू दिला नसता! आलासच कशाला?”

“तेच कळत नव्हतं रस्ताभर,” तो म्हणाला. “तुम्ही हाकलून द्याल याची खात्री होती. तरी पाय इकडेच वळले.”

माझी नजर त्याच्या हातावर गेली. त्याचा उजवा हात चौकटीवर होता, मूठ अर्धवट वळलेली. आत तर यायचं नाही, म्हणून रोज तो चौकटीवर दोनदा टकटक करून मला हाक मारायचा. आज टकटक करायचा धीर झाला नव्हता बहुतेक. हात तसाच, वर उचललेला राहिला होता.

“हलू नका,” मी म्हणाले.

“काय?”

“हात तसाच ठेवा. हलवलात तर खरंच हाकलून देईन.”

मी चिखलमातीचा गोळा घेऊन दारातच बसले आणि त्याचा हात घडवायला लागले. तो निमूट उभा राहिला, अर्धा तास. एकदा मनगट नीट वळवायला मी त्याचा हात धरला. मी जरुरीपेक्षा थोडा जास्त वेळ धरून ठेवला.

“शनिवारी मूर्ती तयार होईल,” शेवटी मी म्हणाले. “घ्यायला या.”

“तोपर्यंत मी नक्की—”

“शब्द नका देऊ!” मी जवळजवळ किंचाळले. “शपथ नको, वचन नको. ते सगळं आमच्या घरी भरपूर झालंय. नुसते या. आणि पिऊन पडलात तरी... तरी सांगायला या. मी चिडेन. फार चिडेन. पण दार लावणार नाही.”

शनिवारपर्यंत बरणी गेली. मामाने ती कुरकुरत मागच्या पडवीत नेली, दार ओढून घेतलं, आणि माझ्या टेबलावर पाण्यातलं वॉर्निश आलं, जे वाळायला दुप्पट वेळ घेतं आणि ब्रशचे केस धरून ठेवतं. दोन दिवस मी त्या वॉर्निशला शिव्या घातल्या. खिडकी सताड उघडी ठेवली.

दुपारी चौकटीवर दोनदा टकटक झाली.

“सातवा दिवस,” तो म्हणाला. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री.

“बरणी हलवलीय. वास घेऊन बघा.”

त्याने डोळे मिटून श्वास घेतला. मग, इतक्या आठवड्यांनी, उंबरा ओलांडून आत आला. माझ्या त्या पसाऱ्यात तो मला वाटला होता त्याहून उंच निघाला.

मार्क वैद्य टेबलावर उभे होते. डाव्या हातात काही नाही. उजवा वर उचललेला, मूठ अर्धवट वळलेली.

“हातात काहीच नाही?”

“दार वाजवतोय तो,” मी म्हणाले. “तीस वर्षं तेच तर केलं ना त्याने!”

तो बघतच राहिला. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मूठ मूर्तीसारखी अर्धवट वळवून बघितली. आता हा रडणार आणि मलाही रडवणार, या धास्तीने मी घाईने म्हणाले, “काही चूक काढायची असेल तर आत्ताच काढा. नंतर ऐकून घेणार नाही.”

“डोळे...” त्याने वाकून बघितलं. “डोळ्यांत जरा वैताग दिसतोय.”

“इतकी वर्षं दारात उभं केल्यावर वैतागणार नाही?”

“त्याला वैताग आला की रंगवणारीला?”

“दोघांना!”

तो हसला, आणि खिशातून एक डबी काढून माझ्या हातात ठेवली. आत चष्मा होता. बारीक, तपकिरी काड्यांचा.

“पाऊण,” तो म्हणाला. “अंदाजाने केलाय. चुकला असेल तर बदलून देतो.”

मला चष्मा नको होता. मी तसं सांगणारही होते. पण घातला, आणि मान वर केली. इतक्या जवळून तो मला पहिल्यांदाच स्वच्छ दिसला. भुवईतला एक पांढरा केस, ओठाच्या कडेला दाढी करताना कापलेलं, आणि डोळे. ते माझ्याकडेच बघत होते, आणि घाबरलेले होते.

“मला तुमचा फार वैताग येतो,” मी म्हणाले. आवाज नको तेव्हा कापरा झाला. “आला नाहीत की आणखी येतो. तुम्ही मला आवडता. झालं समाधान?”

“त्या दिवशी तर ‘तू’ म्हणाली होतीस.”

“उद्या म्हणेन. उद्या आलास तर.”

“आणि परवा?”

“परवाचं उद्या बोलू,” मी म्हणाले, आणि त्याचा तो अर्धवट वळलेला हात हातात घेऊन नीट उघडला. “आता मूर्ती उचल. खालून धर. आणि हाताला धक्का लावलास तर बघ!”