चकाचक कवळ्या

आजींनी तोंड उघडलं आणि दंतवैद्य बाईंचं डोकंच फिरलं. टाळूभर बुरशीचा पांढरा थर, खाली लालभडक कातडी. बुरशी झालेल्या वृद्धाश्रमातल्या या सहाव्या. आठ दिवस बिचारीच्या पोटात धड घास गेला नव्हता.

"मावशीला आजच कामावरून काढतोय," व्यवस्थापक म्हणाले. "कामचुकार बाई! कवळ्या धूतच नाही. तुम्ही फक्त तसं लिहून द्या."

मावशी दाराशी उभी होती. पंधरा वर्षं तिने इथल्या म्हाताऱ्यांचं सगळं केलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता.

"कवळ्यांचं काय काय करता, सांगा," बाई म्हणाल्या.

"रात्री काढते, घासते, पाण्यात ठेवते. सकाळी तुम्ही लिहून दिलेल्या गुलाबी औषधात बुडवते. मग त्याच औषधाने एकेकाला समोर उभी राहून चूळ भरायला लावते."

"औषध कोण देतं?"

"साहेब. मोठ्या कॅनमधून बाटल्या भरतात. कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच असते."

"सगळ्यांना तेच?"

"मास्तर सोडून. त्यांची लेक घरून बाटली आणते."

बाईंनी त्या सहाजणांच्या आणि मास्तरांची, अशा सातही कवळ्या टेबलावर मांडल्या. सहा पांढऱ्याशुभ्र. मास्तरांची मात्र चहाच्या जुन्या कपासारखी तपकिरी. मग त्यांनी मास्तरांचं तोंड तपासलं. बुरशीचा मागमूस नव्हता.

"मास्तरांची नका बघू हो," व्यवस्थापक हसले. "बाकीच्या कशा चकाचक आहेत! रविवारी नातेवाईक बघून खूश होतात."

"मग धुणारी कामचुकार कशी?"

व्यवस्थापकांचं हसू मावळलं.

बाईंनी मास्तरांच्या बाटलीतला थेंब जिभेवर ठेवला. कडूजहर. आश्रमाच्या बाटलीतला ठेवला. नुसतं पाणी.

"हे औषध महिनाभर वापरलं की कवळीवर तपकिरी डाग पडतात," त्या म्हणाल्या. आवाज चढला होता. "ते मी घासून काढते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. मास्तरांच्या कवळीवर डाग आहेत, कारण त्यांना खरं औषध मिळालं. धुणारे हात सातही जणांना एकच, फरक फक्त बाटलीचा. आणि बाटल्या भरता तुम्ही! काय घालत होतात?"

व्यवस्थापक पुटपुटले, "पाण्यात खाण्याचा रंग. लोक डाग बघून तक्रार करायचे. म्हणायचे, घाणेरडं ठेवता. मला वाटलं, एवढ्याने काय बिघडतंय?"

"बाहेरच्यांना दात पांढरे दिसावेत म्हणून आतली तोंडं सडवलीत! आणि खापर फोडलंत हिच्यावर! लाज नाही वाटत?"

व्यवस्थापक मावशीकडे वळले. "चुकलं माझं. उद्यापासून तू..."

"माझं राहू द्या," मावशी म्हणाली. तिने आजींसाठी आणलेली पेजेची वाटी टेबलावरून उचलून त्यांच्या हातात दिली. "आधी आजींना भरवा. एकेका घासाला त्या कशा कळवळतात, ते बसून बघा."