शेवट जाग आल्यावर

भूल देणारी डॉक्टर कोणाच्या लक्षात राहत नाही. राहिली, तर तिचं काम फसलं म्हणायचं. आमच्या दवाखान्यात मी मात्र प्रसिद्ध आहे. गर्भपातासाठी येणाऱ्या बायकांची तोंडं एवढीशी झालेली असतात. सुई टोचता टोचता मी एक विनोद सुरू करते आणि शेवट राखून ठेवते. "तो जाग आल्यावर," म्हणते. उत्सुकतेपोटी का होईना, माणूस परत येतो, असा माझा हिशेब. त्यामुळे पिवळ्या पडद्यांच्या आमच्या रिकव्हरी खोलीत दिवसभर खिदळणं चालू असतं. सर्जन मॅडम कुरकुरतात, "हा दवाखाना आहे की लग्नघर?"

पहिल्यांदा काहीतरी वेगळं घडलं ते एका शिक्षिकेच्या वेळी. विनोद साधाच होता. एक बाई डॉक्टरकडे तक्रार घेऊन जाते की नवरा झोपेत बोलतो. जाग आल्यावर मी शेवट सांगायला तोंड उघडलं, तर ही आधीच पोट धरून हसत होती.

"कळला हो! झोपेतसुद्धा विचारतो, माझे मोजे कुठे ठेवलेस!"

माझा शेवट हा नव्हता. हा जास्त चांगला होता, आणि तेच मला झोंबलं.

"कोणी सांगितला?"

"त्या दुसऱ्या बाईंनी. तुमच्या मागे उभ्या होत्या ना, त्यांनी."

माझ्या मागे भिंत असते. स्टूल तिला टेकलेलं असतं.

या औषधानं कधीकधी गोड स्वप्नं पडतात, हे मला ठाऊक होतं. तेच मी मनाला बजावलं. पण मग एका भाजीवालीला शेवट आधीच कळला, नंतर एका वकीलबाईला. या बायकांची एकमेकींशी ओळखदेख नव्हती. तरी दोघींनी सांगितलं की त्या बाई फार मायाळू होत्या, आणि त्यांचे हात नुकतेच धुतल्यासारखे गार होते.

मग एका सकाळी कपडे शिवणारी एक बाई आली, जावेला बरोबर घेऊन. मागच्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती. तरीही दुसऱ्या दवाखान्यांनी तिला परत पाठवलं होतं. नवऱ्याला आणा, सासूला आणा.

"इथे तुमची एकटीची सही पुरे," आमची सिस्टर म्हणाली. "पोट तुमचं आहे, सासूबाईंचं नाही."

जाऊ फिसकन हसली. ही हसली नाही.

टेबलावर आडवी झाल्यावर तिनं माझं मनगट पकडलं. "माझ्या ताईलाही असंच परत पाठवलं होतं, मॅडम. मग ती चोरून कुठल्याशा खोलीत गेली. तिथून उठलीच नाही. मी उठेन ना? घरी दोन पोरं आहेत."

"उठाल. विनोदाचा शेवट ऐकायला तरी उठाल."

त्या दिवशी मला एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा होता. म्हणून मी ज्याला शेवटच नाही असा विनोद तिथल्या तिथे रचला. एक बाई घाईघाईनं घराबाहेर पडते आणि दारातूनच परत येते. पुन्हा निघते, पुन्हा परत. शेवटी शेजारीण विचारते, "अगं, विसरलीस तरी काय?"

तिचे डोळे मिटले.

काम निम्म्यावर आलं असताना नाडी मंदावली. मशीनची टिकटिक लांबत गेली. मी इंजेक्शन दिलं, मास्क दाबून धरला. सर्जन मॅडमचे हात थांबले.

टिकटिक आणखी लांबली.

"ए बाई! परत ये! ऐकतेस का? परत ये!" मी ओरडले. पेशंटला अगंतुगं मी कधी करत नाही.

माझ्या मानेला गार वारा लागला. मागून.

टिकटिक पुन्हा भरभर येऊ लागली. मास्कच्या आत ती हसत होती.

खोलीत नेल्यावर तिनं आधी पोरांची चौकशी केली, मग चहा मागितला. जावेनं तिचे गाल कुस्करले. मला आनंदानं रडू फुटलं आणि त्याची लाजही वाटली नाही.

"शेवट कळला हं," ती म्हणाली. "ती म्हणते, विसरले काही नाही गं, मागून कोणी हाक मारतं का ते बघतेय. आणि आतून सगळे ओरडतात, जाताना दार लावून घे!"

जाऊ गडबडा लोळायचीच बाकी होती. मीही हसले. शेवट फक्कड होता.

"मी दारातच होते, मॅडम. पण त्या बाई म्हणाल्या, थांब, दार लावू नकोस, तुला हाक येतेय." तिनं चहाचा घोट घेतला. "फार लाघवी आहेत. तुमच्यासाठीही एक विनोद दिलाय."

"सांगा की."

"एक भूल देणारी बाई असते. जन्मभर सगळ्यांना झोपवते. एक दिवस ती स्वतःच टेबलावर आडवी होते…"

"मग?"

"एवढाच," ती म्हणाली. "शेवट तुम्ही झोपल्यावर सांगणार आहेत."