बरोबरीची शर्यत

मिरजेच्या खेळरचना प्रयोगशाळेत त्या दुपारी पुन्हा बरोबरी झाली आणि इरफान मुजावरने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. होड्यांची ही शर्यत त्याचा आणि शर्वरी काळसेकरचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता. डाव्या हातातला रबरी चेंडू दाबला की पडद्यावरची होडी पुढे सरके. हाताला बांधलेला स्नायूवेधी पट्टा दाबाचा जोर मोजे, आणि ‘समतोलक’ नावाची आज्ञावली ज्याचा जोर कमी त्याला गुपचूप मदत करी. कोणी हरायचं नाही, रुसायचं नाही.

चाचणीला जुई आणि तिचा धाकटा भाऊ वेदू येत. तापाच्या दुखण्यात जुईचा डावा हात लुळा पडला होता. डॉक्टरांनी सांगितलेला चेंडूचा व्यायाम तिने न कंटाळता करावा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. वेदू आपला बढाया मारायला.

त्या दिवशी मात्र जुईने चेंडू टेबलावर ठेवला आणि उद्यापासून येणार नाही म्हणाली. सोबत आलेल्या आईने परोपरीने समजावलं, पण ती ऐकेना.

“पहिल्या दिवशी बरोबरी, आजही बरोबरीच. माझा हात बरा होतच नाहीये.”

इरफानचा चेहरा पडला. वेदूला आईबरोबर पाणी प्यायला पाठवून त्याने जुईला समतोलकाचं गुपित सांगून टाकलं. ती आणखीच भडकली.

“मग बंद करा ते. मला खरं खरं खेळायचंय.”

इरफानचा हात बटणाकडे जाईना. मदत काढली आणि पोरगी सपाटून हरली, तर ती पुन्हा चेंडूला शिवणार नाही, ही भीती त्याला खाऊ लागली. शर्वरी मात्र विचारात पडली होती.

“इरफान, हिचा जोर वाढला तर समतोलक काय करेल?”

“मदत कमी करेल.”

“आणि निकाल?”

“बरोबरीच,” म्हणता म्हणता तो थांबला.

“बरोबरी झाली की आपण खूश. हिचा हात कुठवर आलाय, हे आपण बघितलंच नाही,” शर्वरी म्हणाली आणि तिनेच बटण दाबलं.

वेदू परतला, शर्यत सुरू झाली. जुईची होडी निघाली ती थेट किनाऱ्याला लागली. वेदूची अजून मध्यावरच डुलत होती. आईने डोळ्यांना पदर लावला. इरफानला आता उलगडा झाला. जुईचा हात केव्हाच सुधारला होता आणि कित्येक दिवस समतोलक तिला नव्हे, वेदूला मदत करत होता.

जुई आपली बोटं मिटून उघडून बघत राहिली. आजारपणाआधी ती वेदूला अशीच हरवायची. त्या आनंदात तिला हसावं की रडावं कळेना.

वेदू मान खाली घालून पट्टा सोडू लागला. आपण आता कधीच खेळणार नाही, असं तो पुटपुटला.

जुईने शर्वरीला खाली वाकायला लावलं.

“ताई, माझा जोर मला रोज सांगत जा,” ती कानात म्हणाली. “पण ते परत चालू करा. आणि त्याला सांगू नका.”