तिसरं कुलूप

जॅमच्या कारखान्यातला तो पंप फिटरचा भारी लाडका. आत दोन रोटर, एकमेकांच्या उलट फिरणारे. एका स्वयंपाकघरातल्या दोन जावाच म्हणा ना! दिवसभर समोरासमोर, पण अंगाला अंग लागेल तर शपथ. मागची दातेरी चाकं तेवढं अंतर राखायची. जॅम दोघांच्या मधून जायचा नाही, कडेच्या पोकळ्यांतून अलगद सरकायचा. त्यामुळे आत गेलेली चेरी अख्खीच्या अख्खी बाहेर यायची. बोटाचं मात्र तसं नव्हतं.

म्हणून तिथे एक शिरस्ता होता. पंप उघडायचा तर जितकी माणसं कामाला, तितकी कुलपं बंद मेन स्विचला, म्हणजे सगळी निघेपर्यंत तो चालू होणार नाही. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं.

त्या दुपारी रोटरमागचं सील बदलायला दोघंच होते, फिटर आणि नुकताच कामाला लागलेला त्याचा मेहुणा. बायकोने सकाळीच बजावलं होतं, "माझ्या भावाला तुमच्या भरवशावर पाठवतेय. नेताय तसा अख्खा आणा."

सील बसलं. "झालं, भाऊजी, झाकण लावतो," म्हणत मेहुण्याने लगबगीने आपलं कुलूप काढलं आणि खांबामागे पंपाकडे गेला. थोड्या वेळाने फिटरने आपलंही काढलं. तरी स्विचला एक कुलूप उरलंच. पितळी, झिजून गुळगुळीत झालेलं.

"हे कुणाचं रे?"

खांबाला वळसा घालून बघतो तर काय, झाकण जमिनीवर आणि मेहुण्याचा हात मनगटापर्यंत पंपात! रोटरच्या मध्ये नट पडला होता.

"अरे गाढवा! कुलूप काढून हात घालतोस? तुझ्या ताईला काय तोंड दाखवलं असतं मी?"

"चुकलं, भाऊजी." मेहुणा पांढराफटक पडला होता.

नट निघाला. झाकणाचे बोल्ट फिटरने स्वतः आवळले. परत येऊन पाहतो तर ते कुलूप उघडं, नुसतंच अडकलेलं. हातात घेतलं तर कोमट, आत्ताच कुणाच्या खिशातून निघाल्यासारखं. ज्याचं असेल त्याचे पाय धरावेत असं त्याला वाटलं.

"देव तुझं भलं करो, बाबा," तो पुटपुटला आणि ते काढून खिडकीत ठेवलं.

टाकीत जॅम घट्ट व्हायला लागला होता. फिटरने नेहमीची आरोळी दिली.

"हात बाहेर?"

"दोन्ही बाहेर!" खांबापलीकडून मेहुणा ओरडला.

फिटरने बटणावर अंगठा ठेवला.

"माझा एकच," कानाशी कुणीतरी म्हणालं. शिळोप्याच्या गप्पांत बोलावं तसं.

अंगठा मागे आला.

"झाकण खोल," फिटर म्हणाला.

"आता कशाला, भाऊजी? आत काय राहिलंय?"