मोकळ्या केसांचं नाणं

अंबापेठेत चिंतामणराव वकिलांच्या घरी रविवारचा दिवस नाण्यांचा असे. कोर्टाला सुट्टी, पक्षकार आले तर दुपारनंतर. सकाळचा चहा झाला की ओटीवर धुतलेलं पांढरं धोतर चौघडी करून अंथरलं जाई आणि त्यावर तांब्याची नाणी ओळीनं मांडली जात. शिवराया, ढब्बू, निजामाचे जाड ओबडधोबड पैसे, एलिचपूरच्या टांकसाळीतले दोन-चार तुकडे. सोन्याचांदीकडे वकील ढुंकून पाहत नसत. "चांदी कुणीही जपतं," ते म्हणत. "तांबं शंभर वर्षं जपलेलं दाखवा, मग मानतो."

ही गोष्ट एकोणीसशे सव्वीस सालची. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या कारभारात होतं. कार्तिक लागला की अमरावतीच्या परकोटाबाहेर कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागत आणि सगळ्या गावाच्या अंगावर, भिजवलेल्या कणकेवरसुद्धा, रुईचे तंतू येऊन बसत.

नाणी वकिलांची, पण पुसायचं काम सिंधूचं. वकिलांच्या तळहातांना बाराही महिने घाम. घामेजलं बोट लागलं की तांब्यावर काळा डाग धरतो, तो पुन्हा निघत नाही. सिंधूचे हात मात्र कोरडे आणि हलके. ती सोळा वर्षांची, एकुलती एक. सातव्या वर्षी तिला देवी आल्या. पोर वाचली, पण चेहऱ्यावर वण राहिले. डाव्या डोळ्याखाली तीन, ओठाच्या कोपऱ्याशी एक, नाकाच्या बाजूला एक खोल, आणि कपाळभर बारीक बारीक. दोन स्थळं येऊन गेली होती. दोन्हीकडून निरोप आला, मुलगी गुणाची आहे. पुढचं ऐकायची रमाबाईंना, तिच्या आईला, गरज पडली नाही.

त्या कार्तिकात दर्यापूरकडचे नत्थुजी वाटणीच्या दाव्यासाठी आले. कागद दाखवून झाल्यावर त्यांनी धोतराच्या सोग्याची गाठ सोडली.

"वकीलसाहेब, तुमाले तांब्याचा शौक हाय म्हन्तेत. पाहा बरं, हे कोन्त्या राज्याचं हाय?"

"कुठं मिळालं हे?"

"आमच्या आज्याच्या टायमाले कापसाचं नवं बी घेऊन अमेरिकेचा एक सायब गावात आला होता. तो तापानं मेला अन् त्याची पेटी आमच्या घरी राह्यली. पेटीत हे एवढंच."

नाणं ढब्बूपेक्षा जरा लहान होतं, काळपट तपकिरी आणि झिजून गुळगुळीत झालेलं. वकिलांनी भिंग लावलं. खाली साल कसंबसं दिसत होतं, सतराशे चौऱ्याण्णव. वर एका बाईच्या मस्तकाची बाह्यरेषा, मोकळे सोडलेले केस, मागं काठीवर टांगलेली टोपी. चेहऱ्याच्या जागी नुसता उंचवटा.

"बाईले ना नाक, ना तोंड," नत्थुजी हसले. "म्हनून गरीब हाय बिचारी. आजवर कोनाले काई बोल्ली नाई."

त्यांनी नाणं वकिलांना देऊन टाकलं. ते आत आलं तेव्हा रमाबाई म्हणाल्या, "केस मोकळे सोडलेली बाई घरात कशाला?"

"अगं, ती त्यांची स्वातंत्र्यदेवता."

"असू द्या देवता. वेणी घालायला काय झालं होतं तिला?"

वकिलांची रीत ठरलेली. नवं नाणं आलं की सोनाराकडे वजन करायचं, लाखेवर दोन्ही बाजूंचा ठसा घ्यायचा आणि खाली तारीख घालायची. ते सिंधूला शिकवत, की नाणं किती जुनं हे विचारू नये, किती कमी झिजलंय हे विचारावं. केसांच्या बटा मोजाव्यात. जितक्या बटा वेगळ्या दिसतील, तितकं नाणं वरच्या प्रतीचं. या नाण्यावर एकही बट नव्हती. आणि कापसाच्या बोळ्यानं पुसलं की त्याला तंतू चिकटत. म्हणून सिंधू तिळाच्या तेलाचा थेंब घेऊन त्यावर नुसता अंगठा फिरवी. हळू, गोल गोल, कपाळाकडून हनुवटीकडे.

मार्गशीर्षाच्या दुसऱ्या रविवारी तीन बटा दिसल्या.

"मळ निघाला," वकील म्हणाले.

पौषात नाक दिसलं, नंतर ओठ. वकिलांनी नवा ठसा घेतला आणि कार्तिकातल्या ठशाशेजारी ठेवला. बराच वेळ भिंग हलवत ते बसून राहिले. मळ निघाला तर खळगा दिसेल. उंचवटा कुठून येईल, असं काहीतरी ते पुटपुटले. दुसऱ्या दिवशी सोनाराकडे जाऊन आले. वजन दोन गुंजा वाढलं होतं. "त्याचा काटा बिघडलाय," त्यांनी जेवताना सांगितलं आणि वरणभात कालवला.

त्याच आठवड्यात अंगणातल्या उन्हात सिंधूची वेणी घालताना रमाबाईंचा हात थांबला. कपाळावरचे बारीक वण बुजले होते. त्यांनी पोरीचं तोंड उजेडाकडे वळवलं. डोळ्याखालचे तीन तेवढे होते, तेही उथळ.

"काय लावून राहिली गं तोंडाला?"

"काही नाही, आई."

रमाबाईंनी अंबादेवीची ओटी भरली. साय-हळदीचं काम, वय वाढतं तसे वण बुजतात, असं शेजारणींना सांगितलं. पण बायकांच्या नजरेतून काही सुटत नाही. सोमवारी चेहरा जास्त उजळ असतो, हे रमाबाईंना दोन आठवड्यांत कळलं. त्यांनी त्यावर फार विचार केला नाही. इतकंच म्हणाल्या, "रविवारच कशाला? रोज पुसत जा की ते नाणं. तुझ्या बाबांना आवडतं."

सिंधू रोज पुसू लागली. माघात तिच्या हातून वस्तू निसटायला लागल्या. तांदूळ निवडताना खडा चिमटीत येईना. पोथीचं पान उलटेना. वकिलांनी थट्टेनं तिचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला. कागदावर काळा लंबगोल उमटला, आत एकही रेघ नाही.

"भांडी घासणाऱ्यांच्या रेघा जातात अशा," ते म्हणाले. "माझ्या किती पक्षकारांच्या गेलेल्या आहेत."

"ती कधी भांडी घासते?" रमाबाई म्हणाल्या.

वकिलांनी कागद घडी करून खिशात घातला.

नत्थुजी तारखेला आले तेव्हा वकिलांनी हौसेनं नाणं पुढं केलं. नत्थुजींनी ते हातात घेतलं नाही. वाकून पाहिलं आणि मागं सरले.

"हे माहं नोय."

"तुमचंच आहे. साफ केलंय."

"नाई, वकीलसाहेब. त्या बाईले तोंड नोतं. हे तं पाहून राह्यली माह्याकडे." त्या दिवशी ते चहाही न घेता गेले.

वकिलांनी मुंबईच्या एका जाणकाराला ठसा पाठवला होता. फाल्गुन लागता लागता उत्तर आलं. ते त्यांनी आनंदानं घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. या सालचं इतक्या वरच्या प्रतीचं नाणं आपल्या पाहण्यात नाही, जणू काल टांकसाळीतून निघालं. एकच उणीव आहे. गालावर बारीक खळगे आहेत, ते मूळचे की मागाहून पडलेले, कळावं.

दुपारी वकील कोर्टात गेल्यावर रमाबाईंनी पेटी उघडली. भिंग त्यांना धरता येत नव्हतं, पण त्याची गरजही पडली नाही. बाईच्या डाव्या डोळ्याखाली तीन खळगे होते. ओठाच्या कोपऱ्याशी एक. कपाळावर बारीक बारीक, पोरीच्या कपाळावर होते त्याच जागी. नऊ वर्षं रोज पाहिलेलं ते कपाळ. आईला ते मोजावं लागत नाही.

नाकाच्या बाजूला मात्र खळगा नव्हता. तो अजून सिंधूच्या नाकावर होता.

आठ दिवसांनी अकोल्याची मंडळी मुलगी पाहायला येणार होती. घर चांगलं, मुलगा हरिहर, शाळेत मास्तर, एकुलता. हे स्थळ गेलं तर पुढचं कुठून येणार, हे रमाबाईंना ठाऊक होतं. नाणं हातात घेऊन त्या कितीतरी वेळ चुलीपाशी बसल्या. मग उठल्या, सिंधू निवडण करत होती तिथं गेल्या आणि नाणं तिच्या हातात दिलं.

"आणखी आठ दिवस," त्या म्हणाल्या. "मग बंद."

"आई, मला आता नको वाटतं गं ते."

"का?"

"थंड लागत नाही."

"आठच दिवस, बाई."

अकोल्याची मंडळी आली. हरिहरची आई रुख्मिणीबाई यांनी सिंधूची हनुवटी धरून तोंड वर केलं. "आम्ही तर ऐकलं होतं, देवी येऊन गेल्यात म्हणून."

"सौम्य आल्या होत्या," रमाबाई म्हणाल्या.

"पोर घडवल्यासारखी आहे हो. कुठं म्हणून डाग नाही." त्यांनी जाताना एकदा मागं वळून पाहिलं, काहीतरी पाहायचं राहून गेल्यासारखं. पण होकार ओटीवरच दिला.

त्याच संध्याकाळी रमाबाईंनी नाणं कापसात गुंडाळून आपल्या लाकडी पेटीत ठेवलं आणि किल्ली कमरेला लावली. वकिलांनाही दिलं नाही. लग्न होईपर्यंत मागू नका, म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी त्यांनी पेटी उघडली. कापूस जसाच्या तसा होता. आतलं तांबं लालसर झालं होतं, नव्या घागरीसारखं. बाईला भुवया आल्या होत्या.

त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन सिंधूकडे पाहिलं. ती भाकरी थापत होती. भुवया होत्या, पण पातळ, कुणीतरी पदरानं पुसल्यासारख्या.

रमाबाईंनी चिंच आणि विटकरीची पूड घेतली, विहिरीपाशी बसल्या आणि नाणं दगडावर घासायला लागल्या. एकदा. दोनदा.

आतून सिंधू ओरडली.

त्या धावत गेल्या. पोर गालावर हात दाबून उभी होती. बोटांच्या फटीतून रक्त येत होतं.

नाणं पुन्हा पेटीत गेलं.

वैशाखात लग्न झालं. अंतरपाट दूर झाला तेव्हा हरिहर क्षणभर गोंधळला, असं रमाबाईंना वाटलं. पाठवणीच्या वेळी त्यांनी लेकीला मिठी मारली, पण तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. वकील रडले. गाडी बडनेऱ्याकडे गेली तरी ते स्टेशनवर उभे होते. घरी आल्यावर त्यांनी किल्ली मागितली, भिंग लावलं आणि म्हणाले, "पापणीचे केस मोजता येतात गं." मग त्यांनी भिंग खाली ठेवलं. त्यानंतर त्यांनी ना ते नाणं पाहिलं, ना दुसरं कुठलं. रविवारी ओटीवर धोतर अंथरायचं बंद झालं. 

भाद्रपदात अकोल्याहून पत्र आलं. अक्षर हरिहरचं, मजकूर त्याच्या आईचा. सूनबाईंनी सगळ्यांना माया लावली आहे. हात हलका, स्वभाव गोड. दिवाळसणाला दोघं येतील. एक लहानशी विनंती, गैरसमज नसावा. घरात चार बायका जमल्या की सूनबाई कोणती हे चटकन ओळखू येत नाही, म्हणून तिला आम्ही हिरवंच लुगडं नेसायला सांगितलं आहे. येताना-जाताना आपणही आणाल ते हिरवंच आणावं.

दिवाळीला ती आली. स्टेशनवर रमाबाईंनी आधी लुगडं ओळखलं. पदर पुढं ओढलेला होता. आवाज तोच होता, चाल तीच होती. "बाबा, किती वाळलात हो," म्हणाली, तेव्हा वकिलांनी मान खाली घातली. जावई सामानाजवळ उभा होता. त्याला प्रवास कसा झाला विचारलं तर तो म्हणाला, "ठीक झाला," आणि बायकोच्या दिशेनं न पाहता तिच्या हातातली वळकटी त्यानं आपल्या हातात घेतली.

नरकचतुर्दशीला पहाटे न्हाणीघरात पणती होती. पाटाभोवती रांगोळी काढली होती, बंबातलं पाणी कढत होतं. सिंधू पाठमोरी बसली. रमाबाईंनी वाटीतलं कोमट तेल तिच्या टाळूवर घातलं, केस मोकळे केले, मानेला लावलं, पाठीला लावलं. मग रीतीप्रमाणे मागूनच हात पुढं नेला आणि तेलाचा तळवा तिच्या तोंडावरून फिरवला.

"आई, हळू," सिंधू म्हणाली. "डोळ्यांत जाऊन राहिलं."

रमाबाईंचा हात तेव्हा कपाळावरून निघून हनुवटीपर्यंत पोचला होता. वाटेत तो कुठंच अडला नव्हता.